घरचा गूळ, बाजारचा गूळ

दारात आलेल्याला गूळ-पाणी देणं हा गुन्हा असेल तर तो मी केला, आणि उद्या पुन्हा कुणी आलं तर पुन्हा करीन. आमच्या भावकीत अजूनही लग्नाच्या मांडवात बायका जमल्या की माझ्याकडं नजर टाकून एकमेकींच्या कानाला लागतात. ‘हीच ती. हिनंच गूळ-पाणी देऊन चालतं गुऱ्हाळ बंद पाडलं.’ म्हणायची कुजबुज, पण मला ऐकू जाईल अशा बेतानं. मग मीही पंगतीत मुद्दाम त्यांच्याच शेजारी जागा धरते आणि विचारते, ‘काय गं, गोडाचं काय केलंय आज?’ तेव्हा त्यांची तोंडं बघण्यासारखी होतात.

लोकांच्या तोंडून माझी गोष्ट फार फिरली. प्रत्येकानं तिला आपापली फोडणी दिली. आता एकदा ती माझ्या तोंडून फिरू दे.

मी मूळची शिरूर तालुक्यातली, पाबळच्या अंगाची. आमच्याकडं तेव्हा पाण्याची बोंब. ऊस पाहायचा तो रसवंतीच्या चरकात. गूळ दुकानातून यायचा आणि आई तो फडताळात अगदी वर ठेवायची, आम्हा पोरांचा हात पोचू नये म्हणून. पण दारात माणूस आलं की तो डबा खाली यायचा. आधी गुळाचा खडा, मग पाण्याचा तांब्या. उन्हातनं आलेल्याला नुसतं पाणी देऊ नये, बाधतं, असं तिचं म्हणणं. मग तो पाहुणा असो, वसुलीवाला असो, नाहीतर बांधावरून भांडायला आलेला शेजारी असो. शेजारी गूळ खायचा, पाणी प्यायचा, मिशा पुसायचा आणि मग भांडायला सुरुवात करायचा. आई पदर खोचून त्याला पुरी पडायची.

लग्न होऊन मी दौंड तालुक्यात आले, भीमेच्या काठाला. इथं जिकडं बघावं तिकडं ऊस, आणि घराच्या मागं आमचं स्वतःचं गुऱ्हाळ. पहिल्या दिवशी ते बघून मला वाटलं, चला, आता डबा वर ठेवायची गरज नाही.

घरात दोन भाऊ. थोरले दीर कर्ते. त्यांना सगळं गाव दादा म्हणतं, म्हणून मीही दादाच म्हणते. सोसायटीत, पंचायतीत, कारखान्याच्या निवडणुकीत त्यांच्या शब्दाला वजन. माझे मालक धाकटे, गरीब गाय. थोरल्या भावानं बस म्हटलं की बसायचे आणि ऊठ म्हणेपर्यंत बसून राहायचे. जाऊबाई फार लवकर गेल्या. त्यांची एकुलती एक पोरगी माझ्या मांडीवर वाढली. तिच्या वेण्या मी घातल्या, तिच्या शाळेच्या चकरा मी मारल्या. तिला कारेगावला दिली, जावई तिथल्याच एमआयडीसीत कामाला. लेक सासरी निघाली तेव्हा दादा मांडवात ताठ उभे होते आणि खांबाला धरून रडत होते मी.

दादांशी मी कधी चार शब्दांच्या वर बोलले नव्हते. थोरला दीर म्हणजे पदर सावरायचा, दाराआडून ‘जेवायला वाढलंय’ म्हणायचं, संपलं. ही रीत मी मोडली ती पुढं, आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

आता गूळ कसा होतो ते सांगते, कारण शहरातली माणसं गूळ झाडाला लागतो अशा थाटात त्याच्यावर बोलतात. उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळायचा. भेंडीच्या पाण्यानं त्यातली मळी वर आणून काढून टाकायची. मग आटवत न्यायचा आणि घट्ट झाला की साच्यात ओतायचा. एवढंच. असा केलेला गूळ काळपट तांबडा होतो. दिसायला सावळा, पण जिभेवर ठेवला की उसाची चव. आमच्याकडं हंगामाला गुऱ्हाळ पेटलं की काहिलीतला पहिला गूळ असाच निघायचा. चुलीची पूजा व्हायची, त्या गुळाचा खडा देवापुढं जायचा आणि बाकीचा वर्षभरासाठी घरात यायचा. ही रीत एकट्या आमच्याच घरची नव्हती, आसपासच्या बहुतेक गुऱ्हाळांची होती.

त्यानंतर बाजाराचा गूळ सुरू. त्यात पांढरी पावडर पडायची. ती पडली की रसाचा रंग फिकट होत जायचा आणि असा उग्र वास नाकाला झोंबायचा की मी पदर तोंडाला लावून लांब जायची. मग पिवळा रंग पडायचा. रस कमी पडला की खराब झालेल्या साखरेची पोती रिकामी व्हायची. चुलीत चिपाडाच्या जोडीला जुनी टायरं आणि प्लॅस्टिक. माझं वाळत घातलेलं धुणं संध्याकाळी काळं होऊन घरात यायचं. आणि एवढं सगळं करून जो गूळ निघायचा तो मात्र हळद लावलेल्या नवरीसारखा देखणा. त्याचा एक खडा कधी आमच्या घरात आला नाही. खाऊ नका असं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती. गोडाऊनमधला विकायचा आणि फडताळातला खायचा, हे आमच्याकडं रांगत्या पोरालाही कळत होतं. देवाला काळा आणि बाजाराला पिवळा.

मी एकदा मालकांजवळ विषय काढला होता. म्हटलं, ‘लोकांची लेकरं खात्यात व्हो त्ये.’

ते म्हणाले, ‘काळा गूळ आडतीवर कुणी हातात बी घेत न्हाई. व्यापारी म्हणतो, जळल्याला हाय.’

ते खोटं नव्हतं. गुळाशी सोयरीक जमवायची असल्यासारखी गिऱ्हाइकं त्याचा गोरा रंग बघतात. पण गिऱ्हाइकाला कळत नाही म्हणून त्याच्या ताटात काय पण वाढायचं का? तसं मी विचारलंही. मालक उठून गोठ्यात निघून गेले. अडचणीचा प्रश्न आला की त्यांना नेहमीच गुरांची आठवण होते.

त्या दिवशी भर उन्हात एक पांढरी गाडी गुऱ्हाळापुढं थांबली. दादा शिरूरला कुणाच्या साखरपुड्याला गेले होते, मालक वरच्या रानात पाणी देत होते. गुऱ्हाळावर फक्त गुळव्या आणि त्याची माणसं. गुळव्या म्हणजे काहिलीवर उभा राहून गूळ रांधणारा कारागीर. आमचा उत्तरेकडून आलेला, मला काकी म्हणायचा. गाडीतून एक तरणी बाई उतरली. ओढणी डोक्याला गुंडाळलेली, तोंड उन्हानं लाल. बरोबर दोन माणसं. मला वाटलं मतदार यादीचं काहीतरी असेल. मी आत गेले, फडताळातला डबा काढला, वाटीत गुळाचे खडे घेतले आणि तांब्या-फुलपात्र घेऊन बाहेर आले.

‘घ्या, आधी पाणी घ्या. लांबनं आला दिसताय.’

बाईनं खडा तोंडात टाकला. घटाघटा पाणी प्यायली. मग तिनं हातातल्या वाटीकडं पाहिलं, आणि मग समोर साच्यातून काढून मांडलेल्या पिवळ्याधमक गुळाकडं.

‘काकू, हा गूळ फार छान आहे. कुठून आणता?’

‘आणायचा कुठनं? आमचाच की. घरचा हाय.’

‘आणि तो समोरचा?’

‘त्यो विकायचा.’

तिचं चघळणं थांबलं. माझ्या मागं गुळव्यानं कपाळावर हात मारून घेतला. ‘काकी, ये क्या बोल दिया आपने!’

तोवर तिनं पिशवीतून ओळखपत्र काढलं होतं. अन्न तपासणाऱ्या सरकारी खात्यातली अधिकारी होती ती. पण माझ्या मनात आलं, मी काय खोटं बोलले? गूळ घरचा होता. तो दुसरा विकायचा होता. दोन्ही गोष्टी सूर्यप्रकाशाइतक्या खऱ्या होत्या.

मॅडम कामाला पक्की होती. आवाज चढवला नाही, कुणाला धमकावलं नाही. चुलीपाशी टायरं बघितली, कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकलेलं पावडरीचं पोतं बघितलं, साखरेची पोती बघितली. पिवळ्या गुळाचे नमुने घेतले, पाकिटात भरले, दोरा बांधून वर लाख लावली. गोडाऊनला सील ठोकलं. निकाल लागेपर्यंत आतला माल हलवायचा नाही, विकायचा नाही. मग तिला पंच हवे होते, म्हणजे हे सगळं डोळ्यांनी पाहिलं अशी सही देणारी माणसं. तिथं खरी मजा झाली. इतका वेळ कुंपणाला गर्दी करून उभा असलेला शेजार बघता बघता विरघळला. एकाची म्हैस व्यायला झाली, एकाचा चष्मा घरी राहिला, एक तर म्हणाला, ‘मला दिसत बी न्हाई आन् लिवता बी येत न्हाई,’ आणि हे म्हणताना तो मोबाइलवर बोटं फिरवत होता. शेवटी वाटेनं चाललेली दुसऱ्या गावची माणसं थांबवून तिनं सह्या घेतल्या.

मग ती माझ्याकडं आली. घरच्या गुळात पावडर पडत नाही, हेही मी तिनं विचारल्यावर सांगितलं होतं. मी जे बोलले होते ते तिनं कागदावर उतरवलं होतं. घरात खाण्यासाठी पावडर न घालता वेगळा गूळ काढतो, आणि हा दुसरा विक्रीसाठी आहे. तिनं ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं.

‘असंच म्हणालात ना काकू? सही करायची की नाही, ते तुमच्या मनावर आहे.’

मी दहावी झाले आहे. कागद हातात घेऊन स्वतः परत वाचला. त्यात एकही अक्षर माझ्या तोंडचं नाही असं नव्हतं. मग सही केली, नवऱ्याच्या आणि वडिलांच्या नावासकट, पूर्ण.

संध्याकाळी दादा आले ते थेट स्वयंपाकघराच्या दारात. ‘कुणी सांगितलं व्हतं तुला तोंड उघडायला?’ एवढंच म्हणाले आणि गेले. बाकीचं काम भावकीनं केलं. ओट्यावर बैठक बसली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हे मी त्या आठवड्यात इतक्यांदा ऐकलं की कुणी तोंड उघडलं की मीच मनात म्हण पुरी करायची. एक चुलत सासरे म्हणाले, ‘झाकली मूठ सव्वा लाखाची. हिनं मूठच उघडून दावली.’ मला आतून ओरडून विचारावंसं वाटलं, आप्पा, मुठीत काय होतं ते का नाही कुणी विचारत? पावडर आणली कुणी, काहिलीत टाकली कुणी, तो गूळ विकला कुणी, यावर चकार शब्द नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी.

काही दिवसांनी कागद आला. नमुने तपासणीत नापास झाले होते आणि पुण्याला सुनावणी होती. त्या दिवशी दादांनी मालकांना समोर बसवलं आणि मला दाराआड बोलावलं.

‘हिला सांग,’ ते मालकांना म्हणाले. मी दारातच उभी होते, तरी मला सांगायचं ते मालकांमार्फत. ‘तिथं म्हणायचं, त्यो काळा गूळ गुरांसाठी काढल्याला. ही घाबरली, काय बी बोलली. अडाणी बाई हाय म्हणावं. पिवळा गूळ आमी समदी घरात बी खातो.’

मालकांनी माझ्याकडं पाहिलं. मी पहिल्यांदा दाराआडून बाहेर आले.

‘गुरांचा गूळ म्या पाहुण्याच्या हातावर ठेवला म्हणू?’

‘चुकून ठेवला म्हणायचं.’

‘न्हाई म्हणायची मी.’

माझ्या अंगाची लाही लाही झाली होती. दंड होवो, गुऱ्हाळ बंद पडो, ते एक वेळ मी सोसलं असतं. पण दारात आलेल्याला मी गुरांचं खाणं दिलं? आईनं मला हेच शिकवून पाठवलं होतं? आणि अडाणी कशी झाले मी? सगळ्या घरात तो कागद नीट वाचणारी मी एकटी होते. राग इतका आला होता की डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि त्याचाही राग आला, कारण त्यांना वाटलं मी घाबरून रडते आहे.

दादांनी मग ठेवणीतलं काढलं. पोरगी तेव्हा दिवसांत होती, पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. ‘जबाब बदलणार नसंल तर पोरीला हितं आणत न्हाई. सासरीच होऊ दे तिचं. कुणाच्या हातनं करून घ्यायचं त्ये मी बघतो.’

त्यांना नेमकं ठाऊक होतं, कुठं मारलं की लागतं. कारेगावच्या त्या दोन खोल्यांत पोरीची सासू गुडघ्यांनी आजारी, जावई पाळीवर. मला जेवण जाईना. मालक म्हणाले, ‘म्हण की गं एकदा गुरांचा हाय म्हणून. काय झिजतंय?’ मी म्हणाले, ‘तुम्ही बी गुरांकडं जा.’ ते गेले. तेवढ्यात दादांनी खात्याला लेखी देऊनही टाकलं, की काळा गूळ गुरांचा आणि पिवळाच आम्ही घरात खातो. आता फक्त माझी मान डोलायची बाकी होती.

पोरीला मी यातलं काही कळवलं नव्हतं. पण अशा गोष्टी वाऱ्यावर जातात. एका सकाळी जावयाची गाडी दारात थांबली आणि पोरगी पोट सावरत उतरली. ओट्यावर दादा बसलेले. तिनं त्यांना नमस्कार केला, सरळ आत माझ्याकडं आली आणि चुलीपाशी पाट ओढून बसली. ‘काकी, मी तुझ्याकडं आलीय, कुणी काय बी म्हणू दे. भूक लागलीय.’ दादांनी दारातली लेक परत घालवली नाही. कसे घालवतील? पण माझ्यापुरता त्यांचा दम तसाच होता. सुनावणीत मी त्यांचं म्हणणं खोडलं तर या घरात माझं काही उरणार नव्हतं, भावाला वाटणी देऊन आम्हाला मळ्यातल्या खोपीत काढायची भाषा सुरू झाली होती.

दौंडच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली. गोरीपान, जावळाची. दादा नातीला बघून असे विरघळले की मला वाटलं, आता हा माणूस नरमेल. कसला नरमतोय. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी पहिली आठवण करून दिली ती सुनावणीच्या तारखेची.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी मी बाळंतिणीचे लाडू करायला घेतले. डिंक तुपात फुलवला, खोबरं भाजलं, खारीक कुटली, हाळीव भिजवले. राहिला गूळ. फडताळात घरचा काळा गूळ होता. मी त्याला हात लावला नाही. गुऱ्हाळात गेले. सील केलेल्या मालाला मी बोट लावलं नाही, पण एका साच्यात पिवळ्या गुळाचा एक गड्डा तसाच चिकटून राहिला होता. तो उचकटून आणला आणि कढईत तुपावर टाकला. ते लाडू मी पोरीच्या तोंडाला लागू दिले असते का? मेले असते तरी नाही. पण ते मला माहीत होतं, दादांना माहीत नव्हतं.

रोज चारच्या चहाला ते स्वयंपाकघराच्या दारात यायचे आणि बाहेरूनच नातीची चौकशी करायचे. त्या दिवशीही आले.

‘लाडू झालं का?’

‘होत्याल आता. गूळ पघळतोय.’

त्यांनी कढईत डोकावलं. पिवळा गूळ तुपात बुडबुडत होता.

‘ह्यो कुठला गूळ?’

‘आपलाच.’

‘त्यो कशाला घेतलास?’

‘मग कुठला घेऊ, दादा?’ मी उलथनं फिरवत म्हणाले. पदर मी सावरला नाही. ‘फडताळातला गुरांचा हाय. तुमीच लिवून दिलंय. बाळंतिणीला गुरांचा गूळ घालू व्हय?’

आतल्या खोलीतून पोरीचा आवाज आला, ‘काकी, वास काय सुटलाय गं! गरम गरम दे की वाटीत जरासं.’

‘आणते गं,’ मी म्हणाले आणि फळीवरची वाटी घेतली. मनात म्हणत होते, बोला. एकदा तरी बोला.

चप्पल घालून दादा कधी स्वयंपाकघरात आले नव्हते. त्या दिवशी आले. खांद्यावरचं उपरणं हाताला गुंडाळून त्यांनी तापलेली कढई चुलीवरून उचलली आणि मागच्या दारानं निघाले. मी वाटी हातात घेऊन त्यांच्या मागं. वाटेत गोठा. तुपाच्या वासानं गाईनं दावं ताणून मान लांब केली. ते तिला वळसा घालून गेले आणि उकिरड्यावर कढई उपडी केली, तूप, गूळ, सगळं. मग परत आले आणि रिकामी कढई माझ्यापुढं ठेवली.

‘फडताळातला घाल,’ म्हणाले. मला वाटलं, सुटले. पण दारापर्यंत जाऊन ते थांबले. ‘आन् उद्या पुण्यात तोंड सांभाळ.’

त्या घटकेला मला त्यांचा जेवढा राग आला तेवढा आधी कधी आला नव्हता. न कळणाऱ्या माणसाला एक वेळ माफी असते. यांना सगळं कळत होतं, आणि कळत असून ते उद्याही तेच म्हणणार होते. मी कढई घासली, काळ्या गुळाचे लाडू केले आणि पोरीला खाऊ घातले.

सकाळी आम्ही तिघं पुण्याला गेलो. खात्याच्या ऑफिसात फायलींचे ढीग, त्यामागं एक वयस्कर साहेब, आणि बाजूला आमच्याकडं आलेली ती मॅडम. साहेबांनी माझा जबाब वाचला, मग दादांचं लेखी वाचलं. चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं.

‘बाई, त्या दिवशी तुम्ही एक सांगितलं, तुमच्या दिरांनी लिहून दिलंय ते भलतंच आहे. खरं काय?’

मालकांनी माझ्या दंडाला हळूच हात लावला. मी तो काढला.

‘साहेब, त्या दिशी सांगितलं त्येच खरं. पण मी अडाणी, घाबरल्याली बाई, असं तुमच्याकडं लिवून आलंय, म्हणून माझं राहू द्या. दादांनाच इचारा. काल त्यांच्या लेकीच्या लाडवासाठी म्या ह्योच पिवळा गूळ कढईत घातला व्हता. ती कढई त्यांनी कुठं नेऊन वतली, तेवढंच इचारा.’

दादांनी माझ्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा असं सरळ. मीही नजर खाली घेतली नाही.

‘कुठं ओतली?’ साहेबांनी विचारलं.

सभेत लोकांना तासन् तास बसवून ठेवणारा माणूस. खोटं बोलणं त्यांना जड नव्हतं. पण हा विषय ओल्या बाळंतिणीचा होता, बारसंही न झालेल्या नातीचा. तिच्यावरून खोटं बोललं तर ते त्या जिवालाच बाधतं, असं आमच्याकडं मानतात, आणि दादा तर सगळ्यांहून घट्ट मानतात. ते खाली आपल्या चपलांकडं बघत राहिले.

‘उकिरड्यावर,’ ते म्हणाले.

मग मॅडम म्हणाली, ‘घरात गुरं आहेत ना तुमच्या? निदान त्यांना तरी घालायचा.’

दादांनी मान वर केली. त्यांना तो प्रश्न अगदी साधा वाटला असावा, कारण उत्तर त्यांनी विचार न करता दिलं.

‘गुरांना कसा घालायचा? गाय गाभण हाय.’

मॅडमनं ते जसंच्या तसं लिहून घेतलं.